मटकीच्या अर्कातली प्रथिने मास स्पेकवर ओळखताना

प्रश्न थोडक्यात असा. पुण्यातल्या एका महाविद्यालयात एमएस्सीचा प्रकल्प आहे. विषय, कोरडी मटकी आणि मोड आलेली मटकी यांतली प्रथिने. फॉस्फेट बफरमध्ये अर्क काढला, जेलवर पंधरा-वीस बँड दिसले, मग अख्खा अर्क मास स्पेकला (मास स्पेक्ट्रोमीटर, रेणूंची वस्तुमाने मोजणारे यंत्र) पाठवला. परत आलेल्या यादीत सगळ्यात वर केराटिन (कातडी-केसांचे प्रथिन), त्याखाली ट्रिप्सिन (प्रथिने कापायला घातलेले एन्झाइम), मग मूग, चवळी आणि अझुकी यांच्या नावाने व्हिसिलिनच्या (बियाण्यातले साठवणीचे प्रथिन) अकरा नोंदी, आणि पुढे निम्म्याहून जास्त ठिकाणी ‘अनकॅरॅक्टराइज्ड प्रोटीन’. मटकीचे नाव कुठेच नाही. यातले खरे काय धरायचे, आणि पुढच्या वेळी काय बदलायचे?

यादी खोटी नाही. पण ती प्रथिनांची यादी आहे असे समजून वाचली की फसगत होते. मास स्पेकने यात एकही प्रथिन पाहिलेले नाही. ट्रिप्सिनने प्रथिने तोडली, तुटून जी पेप्टाइड, म्हणजे अमिनो आम्लांच्या छोट्या साखळ्या, झाली त्यांची वस्तुमाने यंत्राने मोजली, काही पेप्टाइड आणखी फोडून त्या तुकड्यांची मोजली, आणि संगणकाने ही मापे डेटाबेसमधल्या अनुक्रमांशी ताडून पाहिली. कुठले पेप्टाइड कुठल्या प्रथिनाचे, हा सगळ्यात शेवटी केलेला तर्क असतो. एकच प्रथिन असेल तर तो सोपा. मिश्रणात मात्र ट्रिप्सिन टाकल्यापासून शेकडो प्रथिनांचे तुकडे एकाच नळीत कालवले जातात आणि कोण कुणाचा ही खूण पुसली जाते. म्हणून अशा कामाचा निकाल यंत्रापेक्षा जास्त दोन ठिकाणी ठरतो: नमुना तयार करताना आणि डेटाबेस निवडताना. तुमची अडचण दोन्हीकडे आहे.

एक फाटा आधीच बंद करतो. ‘माल्डीवर पेप्टाइड मास फिंगरप्रिंट करून घे, स्वस्तात होतं’ असा सल्ला हमखास मिळतो (माल्डी हा मास स्पेकचाच एक प्रकार). ती पद्धत जेलवरच्या एका स्वच्छ ठिपक्यासाठी आहे. तिथे पेप्टाइड न फोडता फक्त त्यांची वस्तुमाने जुळवतात. नमुन्यात दोन-तीनपेक्षा जास्त प्रथिने आली की कुठल्याही वस्तुमानाला डेटाबेसमध्ये डझनावारी उमेदवार सापडतात. अख्ख्या अर्कासाठी लिक्विड क्रोमॅटोग्राफी (कॉलममधून पेप्टाइड वेगवेगळी करणे) आणि त्याला जोडलेले टँडम मास स्पेक (पेप्टाइड फोडून तुकडेही मोजणारे) हवेच.

आता बियाण्यापासून. मार्केट यार्डातून किंवा कोपऱ्यावरच्या दुकानातून आणलेल्या मटकीत मुगाचे चार दाणे सहज असतात. उसळीला त्याने काही बिघडत नाही, पण तुमच्या यादीत मुगाची प्रथिने दिसली तर ती नात्यामुळे दिसली की भेसळीमुळे, हे सांगता येणार नाही. कृषी विद्यापीठाचे वाण नावानिशी घ्या आणि दाणे हाताने निवडा. मोड आणताना घरची पद्धत वापरू नका. ओल्या फडक्यात, उबेत, चोवीस तासांत मटकीबरोबर जिवाणूंनाही मोड येतात. दाणे १ टक्का सोडियम हायपोक्लोराइटमध्ये १० मिनिटे ठेवा, निर्जंतुक पाण्याने चार-पाच वेळा धुवा आणि निर्जंतुक फिल्टर पेपरवर मोड आणा. तरीही थोडे जिवाणू राहतातच. ते डेटाबेसच्या वेळी लक्षात ठेवायचे.

फॉस्फेट बफरचा अर्क हे मूळ दुखणे आहे, आणि त्याची कारणे तीन. पहिले, मोड आलेल्या दाण्यात साठवणीची प्रथिने पचवायला प्रोटिएझ (प्रथिने तोडणारी एन्झाइम) तयार झालेले असतात आणि नुसत्या बफरमध्ये ते काम चालूच ठेवतात. दुसरे, फिनॉल, फायटेट आणि स्निग्धांश प्रथिनांबरोबर बाहेर येतात आणि पुढे कॉलम तुंबवतात. तिसरे कडधान्यांचे खास: त्यांच्यात ट्रिप्सिन इनहिबिटर, म्हणजे ट्रिप्सिनला रोखणारी प्रथिने, असतात. बोमन-बर्क गटातले इनहिबिटर जेमतेम ८ किलोडाल्टनचे, पण सात डायसल्फाइड बंधांनी इतके घट्ट विणलेले की उकळूनही पुरते मरत नाहीत. अशा अर्कात थेट ट्रिप्सिन घातले की इनहिबिटर ट्रिप्सिनलाच धरून बसतात. डायजेशन अर्धवट राहते, आणि दोष मात्र ट्रिप्सिनच्या नव्या व्हायलला दिला जातो. उपाय सोपा आहे. युरियात विरघळवून, डायसल्फाइड तोडून, सिस्टीन झाकून मगच ट्रिप्सिन घालायचे. बंध सुटले की इनहिबिटर इतर प्रथिनांसारखाच कापला जातो.

म्हणून अर्काऐवजी प्रीसिपिटेशनने सुरुवात करा. १०० मिलिग्रॅम दाणे द्रव नायट्रोजनमध्ये खलात पिठासारखे दळा. १० टक्के ट्रायक्लोरोॲसेटिक ॲसिड आणि ०.०७ टक्के बीटा-मर्कॅप्टोइथेनॉल घातलेले गार ॲसिटोन १ मिली टाकून उणे २० अंशांवर रात्रभर ठेवा. प्रोटिएझ तिथल्या तिथे निष्क्रिय होतात, त्यामुळे इनहिबिटर कॉकटेलची गरज उरत नाही. (पीएमएसएफ घालायची सवय असेल तर सोडा. ते सेरिन प्रोटिएझ मारते आणि ट्रिप्सिन हाही सेरिन प्रोटिएझच आहे.) १५,००० जी वर ४ अंशांना १५ मिनिटे फिरवा. पेलेट त्याच मर्कॅप्टोइथेनॉलच्या पण ॲसिड नसलेल्या गार ॲसिटोनने तीनदा धुवा. दुसऱ्या धुण्यानंतर ‘पुरे झालं’ असे वाटते, पण तिसरे टाळू नका. ॲसिड मागे राहिले तर पुढे पीएच घसरतो आणि ट्रिप्सिन गप्प बसते. पेलेट दहा मिनिटेच वाळवा. खडखडीत वाळला की तो पुन्हा विरघळत नाही.

मग ८ मोलर युरिया, १०० मिलिमोलर ट्रिस, पीएच ८.५. युरिया त्याच दिवशी बनवा: १० मिलीसाठी ४.८ ग्रॅम. विरघळताना द्रावण बर्फासारखे गार पडते म्हणून लोक ते हॉट प्लेटवर ठेवतात, आणि नेमके तेच करायचे नसते. तापलेल्या युरियातून सायनेट तयार होते. ते पेप्टाइडच्या अमिनो टोकाला आणि लायसिनला चिकटते, वस्तुमान ४३.००५८ डाल्टनने वाढते, आणि झाकलेल्या लायसिनपाशी ट्रिप्सिन कापत नाही. इथे पुण्याची हवा आडवी येते. प्रोटोकॉलमधले ‘रूम टेंपरेचर’ २० ते २५ अंशांचे असते. एप्रिलच्या दुपारी एसी नसलेल्या प्रयोगशाळेत ते ३५ च्या वर जाते. म्हणून ‘रूम टेंपरेचर’ लिहिलेली प्रत्येक पायरी थर्मोब्लॉकवर २५ अंशांना करा, आणि विरघळलेली प्रथिने बाकावर पडू देऊ नका.

पीएच पट्टीवर एक थेंब टाकून बघा. ८ च्या खाली असेल तर ट्रिसने वर आणा. प्रथिनांचे माप ब्रॅडफर्डने घ्या, युरिया पुरेसा पातळ करून. डीटीटी (डायसल्फाइड तोडणारे रसायन, पुढच्या पायरीत येते) घातल्यानंतर बीसीएने (तांब्यावर चालणारी प्रथिने मोजायची पद्धत) मोजू नका. डीटीटी स्वतःच तांबे क्षपित करते आणि आकडा फुगतो. मटकीत साधारण पाव हिस्सा प्रथिने असतात, म्हणजे १०० मिलिग्रॅम पिठातून तुम्हाला लागतात त्याच्या कित्येक पट मिळतात. जास्त घ्यायची हाव नको. ५० मायक्रोग्रॅम भरपूर झाले.

ते ५० मायक्रोग्रॅम २५ मायक्रोलिटर युरियात घ्या. डीटीटी ५ मिलिमोलर, ३७ अंशांवर ४५ मिनिटे. (बऱ्याच प्रोटोकॉलमध्ये ५६ अंश लिहिलेले असते, ते युरिया नसताना.) सिस्टीन झाकायला आयोडोॲसिटामाइड १५ मिलिमोलर, अंधारात, २५ अंशांवर ३० मिनिटे. हे ताजेच बनवावे लागते, प्रकाशात ते खराब होते. मग आणखी ५ मिलिमोलर डीटीटी घालून उरलेले आयोडोॲसिटामाइड संपवा. ही पायरी बहुतेक जण गाळतात. उरलेले आयोडोॲसिटामाइड सिस्टीनवर न थांबता लायसिनवर आणि अमिनो टोकांवरही जाते. एकाच लायसिनवर ते दोनदा बसले तर वाढणारे वस्तुमान ११४.०४२९ असते, आणि युबिक्विटिनची खूण मानल्या जाणाऱ्या दोन ग्लायसिनचे वस्तुमान अगदी तेवढेच. पुढेमागे युबिक्विटिनेशनकडे वळणार असाल तर आत्ताच क्लोरोॲसिटामाइड वापरा.

५० मिलिमोलर अमोनियम बायकार्बोनेट घालून आकारमान ५० मायक्रोलिटर करा, युरिया ४ मोलरवर येतो. लिस-सी अर्धा मायक्रोग्रॅम, ३७ अंशांवर ३ तास. हे एन्झाइम एवढ्या युरियातही काम करते आणि घट्ट गोळे आधी उलगडून देते. मग २०० मायक्रोलिटरपर्यंत पातळ करा, युरिया १ मोलर, आणि सीक्वेन्सिंग ग्रेडचे ट्रिप्सिन १ मायक्रोग्रॅम, म्हणजे ५० ला १. ३७ अंशांवर १४ ते १६ तास. लिस-सी परवडत नसेल तर ट्रिप्सिन दोन हप्त्यांत घाला, अर्धे संध्याकाळी, अर्धे सकाळी, आणि चार तास वाढवा. थांबवायला ट्रायफ्लुरोॲसेटिक ॲसिड १ टक्का. बायकार्बोनेटमुळे फेस येतो, झाकण सावकाश उघडा. पीएच २ च्या आसपास आला की थोडा गाळ बसतो. तो फिरवून बाजूला काढा, नाहीतर कॉलममध्ये जातो.

सी-१८ टिपवर (पेप्टाइड धरून ठेवणारे भरण असलेली पिपेटची टिप) क्षार काढा: आधी ॲसिटोनायट्राइल, मग ०.१ टक्का ट्रायफ्लुरोॲसेटिक ॲसिड, मग नमुना दोनदा सावकाश, मग धुणे, आणि शेवटी ६० टक्के ॲसिटोनायट्राइल व ०.१ टक्का फॉर्मिक ॲसिडने उतरवणे. टिप मध्ये कोरडी पडू देऊ नका. पेप्टाइड व्हॅक्यूममध्ये वाळवून द्यावेत. वाळवलेला नमुना गणेशखिंडीतून पाषाणपर्यंत रिक्षाने नेतानाही बिघडत नाही.

डिटर्जंटबद्दल मात्र जरा कडक बोलावे लागेल. एसडीएस पेप्टाइडचे आयनीकरण दाबते, ०.०१ टक्क्याच्या खाली गेल्याशिवाय नमुना देऊ नये, आणि सी-१८ त्याला काढू शकत नाही. ट्रायटन आणि ट्वीन त्याहून वाईट. त्यांच्यातल्या पॉलिइथिलीन ग्लायकोलची ४४.०२६ डाल्टनच्या अंतराने ठेवलेली शिडी अख्ख्या रनवर पसरते आणि पुढच्या माणसाचे रनही खराब करते. द्रावणाची बाटली भांड्यांच्या साबणाने धुतली तरी हेच होते. हँड क्रीम लावून व्हायल हाताळणे हाही त्याचाच भाऊ.

आणि केराटिन. तुमच्या यादीत ते वर आले कारण माणसाची कातडी, केस आणि लोकरी कपडे यांची धूळ सगळीकडे असते, आणि नमुना जितका थोडा तितका तिचा वाटा मोठा. मटकीचे १ मायक्रोग्रॅम प्रथिन यंत्रावर चढवल्यावरही केराटिन पहिल्या क्रमांकावर असेल, तर चढलेले प्रथिन प्रत्यक्षात १ मायक्रोग्रॅमच्या बरेच खाली होते असे समजा. म्हणजे हा हातमोज्यांपेक्षा डायजेशनचा प्रश्न आहे. ट्रिप्सिनचे वर असणेही तेच सांगते. तुम्ही घातलेले डुकराचे ट्रिप्सिन स्वतःलाच कापत बसले, कारण कापायला दुसरे फारसे हाती लागले नाही. अकरा व्हिसिलिनपेक्षा या दोन ओळी जास्त बोलक्या आहेत.

हे सगळे जड वाटत असेल तर जेलचा मार्ग घ्या. विद्यार्थ्यांसाठी तो मला जास्त भरवशाचा वाटतो. नमुना एसडीएसमध्ये उकळून १२ टक्के जेलमध्ये फक्त एक-दोन सेंटिमीटर पळवा, कूमासीने रंगवा, लेनचे पाच-सहा तुकडे करा. फिनॉल, क्षार, स्निग्धांश आपोआप निघून जातात, एसडीएस जेल धुताना जातो. प्रत्येक तुकड्याचे १ मिलिमीटरचे चौकोन, ५० टक्के ॲसिटोनायट्राइलने रंग काढणे, डीटीटी, आयोडोॲसिटामाइड, पुन्हा ॲसिटोनायट्राइलने पांढरे होईपर्यंत आटवणे, मग १० नॅनोग्रॅम प्रति मायक्रोलिटर ट्रिप्सिन बर्फावर ४५ मिनिटे शोषू देणे आणि रात्रभर ३७ अंश. साठवणीची प्रथिने एक-दोन तुकड्यांत अडकतात आणि उरलेल्या तुकड्यांत बारीकसारीक प्रथिनांना वाव मिळतो. मोल एकच: पाच पट रन, म्हणजे पाच पट बिल.

यंत्राच्या बाजूला तुमच्या हातात थोडेच असते, पण मागायच्या गोष्टी ठरवून जा. पुण्यात पाषाणची राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा आणि विद्यापीठाच्या आवारातले राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्र अशा संस्थांत ही यंत्रे आहेत. बाहेरचा नमुना घेण्याचे नियम आधी विचारून घ्या. ७५ मायक्रॉन आतल्या व्यासाचा २५ ते ५० सेंटिमीटर सी-१८ कॉलम, मिनिटाला ३०० नॅनोलिटर प्रवाह, ९० ते १२० मिनिटांचा ग्रेडियंट, पहिला स्कॅन ३५० ते १५०० एम बाय झेड (वस्तुमान भागिले प्रभार), प्रभार २ ते ६ असलेलीच पेप्टाइड फोडायची, अशा मापात काम होते. तुमच्या नमुन्याच्या आधी ब्लँक रन झालेच पाहिजे आणि त्याची फाइल मागून घ्या. आधीच्या माणसाचे बोवाइन अल्ब्युमिन (गायीच्या रक्तातले प्रथिन) तुमच्या मटकीत उतरणे ही रोजची गोष्ट आहे. त्याची ओळख सोपी: ५८२.३२, ६५३.३६ आणि ७४०.४० या ठिकाणचे दुहेरी प्रभाराचे आयन. आणि मूळ रॉ फाइल हातात घेतल्याशिवाय तिथून निघू नका. यादीचे एक्सेल उद्या बदलेल, रॉ फाइल बदलत नाही.

एकच नमुना दोनदा चालवला तरी दोन याद्या तंतोतंत जुळत नाहीत. यंत्र त्या क्षणी सगळ्यात ठळक दिसणारे दहा-वीस आयन निवडून फोडते. काठावरचे पेप्टाइड एकदा निवडले जाते, एकदा नाही. एखादे प्रथिन एकाच रनमध्ये दिसले म्हणून दुसऱ्या नमुन्यात ‘नाही’ असे लिहिण्याची चूक इथूनच होते.

आता डेटाबेस, तुमच्या यादीचे खरे दुखणे. सर्च प्रोग्रॅमला डेटाबेसमध्ये नसलेला अनुक्रम सापडत नाही. मटकीच्या, म्हणजे विग्ना ॲकोनिटिफोलियाच्या, तपासलेल्या नोंदी स्विस-प्रॉट या प्रथिनांच्या डेटाबेसमध्ये नगण्य आहेत. (गंमत म्हणजे प्रोलिन बनवणारे पी-फाइव्ह-सीएस हे वनस्पतींच्या दुष्काळ संशोधनात गाजलेले एन्झाइम १९९२ मध्ये मटकीतूनच क्लोन झाले. पण एका एन्झाइमवर डेटाबेस उभा राहत नाही.) म्हणून फॅसिलिटीने मूग, चवळी वगैरे नातेवाइकांवर शोध घेतला. तो निर्णय बरोबर होता, फक्त त्याची किंमत किती हे तुम्हाला सांगितले गेले नाही. ती काढता येते. मटकीचे एखादे प्रथिन मुगाच्या प्रथिनाशी ९५ टक्के जुळत असेल, तर १० अमिनो आम्लांचे पेप्टाइड जसेच्या तसे असण्याची शक्यता ०.९५ चा दहावा घात, म्हणजे ६० टक्के. १५ चे असेल तर ४६ टक्के. साम्य ९० टक्क्यांवर आले की हेच आकडे ३५ आणि २१ होतात. एक अमिनो आम्ल बदलले की वस्तुमान बदलते आणि पेप्टाइड शोधातून बाद होते. म्हणजे प्रथिन नळीत आहे, पेप्टाइड यंत्राने टिपले आहे, पण यादीत त्याचे नाव येत नाही. चांगल्या संरक्षित प्रथिनांची, उदाहरणार्थ ॲक्टिन, ट्यूब्युलिन, ग्लायकोलिसिसची एन्झाइम, गर्दी होते आणि मटकीचे वेगळेपण ज्यांत आहे तीच गळतात.

उपाय क्रमाने सांगतो. मूग, चवळी, अझुकी आणि राजमा यांची संदर्भ प्रोटिओम (त्या जातीच्या सगळ्या प्रथिनांचे अनुक्रम) एकत्र करा, हुबेहूब सारखे अनुक्रम एकदाच ठेवा, त्यात केराटिन, ट्रिप्सिन, अल्ब्युमिन असलेली कंटॅमिनंट यादी जोडा. ही यादी नसेल तर केराटिनचे स्पेक्ट्रम जबरदस्तीने मटकीच्या प्रथिनांवर बसवले जातात. मोड आलेल्या नमुन्यासाठी ओळखीच्या दोन-तीन जिवाणूंचे प्रोटिओमही घाला. ‘सगळ्या वनस्पती घेऊ, काहीतरी सापडेलच’ असे करू नका. डेटाबेस फुगला की योगायोगाने जुळणारे उमेदवार वाढतात, गुणांची मर्यादा वर सरकते, आणि खरी पण फिकी पेप्टाइड गळतात. त्यानंतर एमएसफ्रॅगरसारख्या प्रोग्रॅमने खुला शोध घ्या. त्यात मूळ वस्तुमानाला शेकडो डाल्टनची सूट असते, त्यामुळे एका जागी बदललेले पेप्टाइड आणि अनपेक्षित रासायनिक बदल दोन्ही उघडे पडतात. कार्बामायलेशन (युरियातले सायनेट चिकटणे) झाले असेल तर ४३ वर उभा सुळका दिसतो, म्हणजे युरियाचा हिशेब इथेच चुकता होतो. सगळ्यात चांगला मार्ग म्हणजे त्याच दाण्याचे आरएनए सीक्वेन्सिंग करून स्वतःचा डेटाबेस बांधणे; एमएस्सीच्या खर्चात ते बसणार नाही, पीएचडीसाठी लक्षात ठेवा.

शोधाची मापे: मूळ आयनाला १० पीपीएम (दशलक्षात दहा भाग) इतकी चूक चालेल, तुकड्यांना उच्च रिझोल्युशनच्या यंत्रावर २० पीपीएम, ट्रिप्सिन, दोन मिस्ड क्लीव्हेजपर्यंत (ट्रिप्सिनकडून कापायच्या राहिलेल्या जागा), सिस्टीनवर ५७.०२१५ कायम, मिथिओनिनचे ऑक्सिडेशन १५.९९४९ आणि प्रथिनाच्या टोकाचे ॲसिटिलेशन ऐच्छिक. कडधान्यांच्या साठवणीच्या प्रथिनांत ग्लुटामिन आणि ॲस्परॅजिन भरमसाट असतात, म्हणून टोकाच्या ग्लुटामिनचे पायरोग्लुटामेट (उणे १७.०२६५) आणि डीॲमिडेशन (०.९८४०) हेही घ्यावेत. डीॲमिडेशनबाबत सावध. कार्बन-१३ चा समस्थानिक १.००३४ ने पुढे असतो, फरक ०.०१९ डाल्टनचा. १२०० डाल्टनच्या पेप्टाइडला हा १६ पीपीएम झाला. प्रोग्रॅमने पहिल्याऐवजी दुसरा समस्थानिक उचलला आणि सहनशीलता ढिली ठेवली, की खोट्या डीॲमिडेशनचा पाऊस पडतो. आणि ल्युसिन-आयसोल्युसिन? दोघांचेही ११३.०८४०६. नेहमीच्या फोडणीत यंत्र त्यांत फरक करू शकत नाही, त्यावर कुठलाही दावा करू नका.

मोडांच्या नमुन्यात अर्धट्रिप्टिक शोधही एकदा करून बघा, म्हणजे पेप्टाइडचे एक टोक कुठेही तुटलेले चालेल असा. मोड येताना बियाण्यातले सिस्टीन प्रोटिएझ व्हिसिलिन भलत्याच ठिकाणी कापतात, आणि ही टोके प्रकल्पाचा सगळ्यात रंजक भाग ठरू शकतात. मात्र तो शोध लहान डेटाबेसवरच घ्या. उमेदवारांची संख्या दहापटीच्या पुढे जाते.

एक टक्का एफडीआर (खोट्या जुळण्यांचे अंदाजी प्रमाण) म्हणजे काय, यावर बहुतेक याद्यांचे पाय घसरतात. प्रोग्रॅम खऱ्या डेटाबेससोबत उलटे लिहिलेले खोटे अनुक्रमही तपासतो आणि खोट्यांवर किती जुळले यावरून चुकांचा अंदाज बांधतो. समजा २०,००० स्पेक्ट्रम जुळले आणि १ टक्का, म्हणजे २००, चुकीचे. खरे १९,८०० हे समजा १,५०० प्रथिनांवर गठ्ठ्यांनी बसतात. चुकीचे २०० मात्र डेटाबेसभर विखुरतात, जवळपास प्रत्येकी एका नव्या प्रथिनावर. यादी १,७०० ची होते आणि तिच्यातली जवळपास १२ टक्के नावे खोटी असतात. म्हणून एफडीआर प्रथिनांच्या पातळीवरही १ टक्का लावून घ्या, आणि एकाच पेप्टाइडवर उभे असलेले नाव प्रबंधात लिहिण्याआधी त्याचा स्पेक्ट्रम डोळ्यांनी बघा.

बघायचे काय? वाय मालिकेचे (पेप्टाइडच्या शेवटाकडून मोजलेल्या तुकड्यांचे) सलग पाच-सहा आयन. टोक लायसिनचे असेल तर त्यातला पहिला १४७.११, आर्जिनिनचे असेल तर १७५.१२. पेप्टाइडमध्ये प्रोलिन असेल तर त्याच्या आधीच्या बंधात तुटलेला आयन बहुधा ठळक असतो. तो नसेल तर शंका घ्या. सगळ्यात उंच दोन-तीन शिखरांचे स्पष्टीकरणच मिळत नसेल तर गुण कितीही असोत, सोडून द्या. वस्तुमानाची चूकही बघा. बाकीची पेप्टाइड सगळी अधिक २ पीपीएमच्या आसपास आणि हे एकटे उणे ८ वर असेल, तर ते पाहुणे आहे.

आता ते अकरा व्हिसिलिन. हे अकरा पुरावे नाहीत. मुगाच्या नोंदीला १४ पेप्टाइड, चवळीच्या नोंदीला ९, आणि ती ९ मुगाच्या १४ मध्येच असतील, तर चवळीच्या नोंदीला स्वतःचा पुरावा शून्य. अशा नोंदी एका गटात बांधायच्या आणि गट एक मोजायचा. पण चवळीला दोन पेप्टाइड स्वतःची असतील आणि ती मुगाच्या कुठल्याच नोंदीत नसतील, तर मटकीत व्हिसिलिनची दुसरी आवृत्ती असू शकते, किंवा तेच प्रथिन काही भागात मुगासारखे आणि काही भागात चवळीसारखे असू शकते. यातले कुठले, हे या माहितीतून ठरत नाही. लिहिताना ‘मुगाचे ८-एस ग्लोब्युलिन (म्हणजे व्हिसिलिनच) सापडले’ असे न लिहिता ‘८-एस ग्लोब्युलिनसदृश प्रथिन, गट एक, अनन्य पेप्टाइड इतकी’ असे लिहा. ‘अनकॅरॅक्टराइज्ड’ नोंदींना घाबरू नका; जीनोममधून यंत्रवत वाचलेल्या जनुकाला कुणी नाव दिलेले नाही एवढाच त्याचा अर्थ. अनुक्रम ब्लास्ट करा (सारखे अनुक्रम शोधा), इंटरप्रो या डेटाबेसमध्ये त्यातले ओळखीचे भाग, म्हणजे डोमेन, बघा. बऱ्याच ठिकाणी क्युपिन निघेल, म्हणजे पुन्हा व्हिसिलिन-लेग्युमिनचेच घराणे.

व्हिसिलिनचा एखादा पट्टा कधीच झाकला जात नसेल तर तिथे साखर असू शकते. ग्लायकन लागलेल्या पेप्टाइडचे वस्तुमान हजार-दीड हजाराने पुढे जाते आणि साध्या शोधात ते सापडत नाही. पीएनजीएझ-एफने साखर काढू असे मनात येईल. पण वनस्पतींच्या ग्लायकनमध्ये गाभ्याला अल्फा-१,३ फ्युकोज असते आणि ते असताना हे एन्झाइम चालत नाही. पीएनजीएझ-ए लागते.

कोरडी आणि मोडाची तुलना करायची असेल तर प्रत्येकी किमान तीन वेगवेगळ्या वेळी भिजवलेले नमुने हवेत. एकाच अर्काचे तीन रन चालणार नाहीत. आणि एक सापळा: दोन्हीकडून १ मायक्रोग्रॅम चढवता, पण मोडात साठवणीची प्रथिने घटलेली असतात, त्यामुळे बाकी सगळी प्रथिने ‘वाढलेली’ दिसतात. वाढ दाखवताना ती दाण्यामागे आहे की मायक्रोग्रॅममागे, हे तक्त्याच्या शीर्षकात लिहा.

नवा नमुना करण्याआधी जुनी रॉ फाइल मागवून वर सांगितलेल्या डेटाबेसवर पुन्हा चालवा. एमएसफ्रॅगर शैक्षणिक कामाला मोफत आहे आणि १६ जीबी मेमरीच्या संगणकावर एवढा डेटाबेस साध्या शोधात तासाभरात उरकतो. खुल्या शोधाला थोडी जास्त मेमरी द्या. निकालात मिस्ड क्लीव्हेज असलेली पेप्टाइड निम्म्याच्या आसपास निघाली, तर इनहिबिटरचा संशय पक्का समजा आणि युरियापासून सुरुवात करा. ती थोडीच निघाली आणि पेप्टाइडही थोडीच, तर डायजेशनला दोष देऊ नका. क्षार काढताना टिपवरच माल गेला का ते तपासा, धुतलेले पाणी फेकले नसेल तर तेही चालवून बघा.